मीडियम फॉरमॅट फिल्मवरील पॅनोरमा छायाचित्रण

१२० किंवा २२० क्रमांकाच्या रोल फिल्मवर, रुंदी उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असलेली लांबट चौकट एकाच एक्स्पोजरमध्ये टिपण्याची पद्धत. फिल्म सुमारे ६१ मिमी रुंद असते व त्यातली साधारण ५६ मिमी उंची चित्रासाठी मिळते. लांबी कॅमेऱ्यावर अवलंबून असते. ६×१२ (सेंमीतली अंदाजे उंची व लांबी) मध्ये १२० च्या एका रोलवर सहा चित्रे बसतात. ६×१७ मध्ये (प्रत्यक्षात ५६×१६८ मिमी) चारच बसतात, म्हणून चौकट ठरवण्यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

कॅमेऱ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात फिल्म सपाट राहते आणि मोठ्या प्रतिमावर्तुळाची, म्हणजे मोठ्या गोल क्षेत्रावर प्रतिमा पाडणारी, लेन्स ती एकदम झाकते. लिनहॉफ टेक्नोरामा ६१७, १०५ मिमी लेन्स कायम बसवलेला फुजी जी६१७ आणि ९० ते ३०० मिमीपर्यंतच्या लेन्स बदलता येणारा फुजी जीएक्स६१७ हे यातले परिचित कॅमेरे. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ नोब्लेक्स १५० मध्ये, फिल्म कमानीसारखी वाकवलेली असते आणि लेन्स बसवलेले पिंप फिरत जाऊन एका फटीतून तिच्यावर प्रकाश पाडते.

भूमिती दोघांची वेगळी. सपाट फिल्मवर सरळ रेषा सरळच राहतात, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात: ९० मिमी लेन्सवर ६×१७ चौकटीच्या अगदी टोकाला आलेला चेहरा असायला हवा त्यापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक रुंद दिसतो. फिरत्या लेन्समध्ये हा ताण येत नाही, मात्र समोरची सरळ भिंत मध्ये फुगलेली आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली दिसते. त्यामुळे इमारतींसाठी सपाट फिल्मचा कॅमेरा घ्यावा. मोठ्या समूहचित्रासाठी फिरती लेन्स उत्तम. माणसांना कॅमेऱ्याभोवती कमानीत उभे केले की रांग चित्रात सरळ येते.

सपाट प्रकाराची मोठी अडचण म्हणजे कडेचा अंधार. ९० मिमी लेन्सचा आडवा दृश्यकोन ६×१७ वर सुमारे ८६ अंश भरतो आणि टोकांना मध्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी प्रकाश पोहोचतो. १८० मिमीवर हा फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपवर येतो. निगेटिव्ह फिल्म थोडेफार सांभाळून घेते. स्लाइड फिल्मवर मात्र आकाशाचे कोपरे काळवंडतात. उपाय सेंटर फिल्टर, म्हणजे मध्ये गडद आणि कडेला पारदर्शक काच. ती लेन्सप्रमाणे एक ते दोन स्टॉप प्रकाश खाते आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) निदान दोन स्टॉप बंद केल्यावरच नीट काम करते. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ/२२ वर सुमारे १/५० सेकंद लागतो. दीड स्टॉपचा फिल्टर लावला की तो १/१५ वर येतो, म्हणून भर दुपारीही ट्रायपॉड लागतो. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) शक्यतो टाळावा, कारण इतक्या रुंद आकाशात एकच गडद पट्टा उमटतो.

फोकस बहुधा अंतराच्या पट्टीवरून लावतात. १०५ मिमी लेन्स एफ/२२ वर १० मीटरला लावली, तर साधारण ५ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते (अस्पष्टतेचे वर्तुळ, म्हणजे डोळ्याला बिंदूच वाटेल असा सर्वांत मोठा ठिपका, ०.०५ मिमी धरून). अग्रभाग याहून जवळ आणू नये.

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती कॅमेरा समतल नसल्याने. १ अंशाच्या कलाने १६८ मिमीच्या चौकटीत क्षितिज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ३ मिमी चढते. नंतर कापून सरळ करायचे तर मुळात कमी असलेली उंचीच जाते. आधी ट्रायपॉडचे डोके समतल करावे, मग कॅमेऱ्यावरच्या समतलमापीतला बुडबुडा पाहावा आणि शटर दाबण्यापूर्वी पुन्हा एकदा. फिरत्या लेन्सचा कॅमेरा खाली झुकला तर क्षितिज टेकडीसारखे फुगते, वर झुकला तर मध्ये खचते. क्षितिज वर-खाली सरकवायचे असल्यास कॅमेरा न झुकवता शिफ्ट (लेन्स फिल्मला समांतर ठेवून सरकवणे) वापरावी किंवा उभे राहण्याची जागा बदलावी.

फिल्म भरताना तिच्यासोबतच्या कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवून रोल अंगठ्याने ताणून धरावा. सैल गुंडाळीत कडेने प्रकाश शिरतो. रोल सावलीतच बदलावा. कागदावरचे आकडे दाखवणाऱ्या लाल खिडकीच्या साध्या ६×१७ कॅमेऱ्यांत १२ आकड्यांची (६×६ साठीची) रांग वापरली, तर दर तिसऱ्या आकड्यावर थांबावे लागते. पहिला आकडा खिडकीच्या जागेवर ठरतो. खिडकीचे झाकण फक्त फिल्म पुढे सरकवताना उघडावे. १७ सेंमी लांबीत फिल्म सहज फुगते, म्हणून ती आदल्या चित्रानंतर लगेच नव्हे, तर पुढच्या चित्राच्या जरा आधी ओढणे चांगले. अनेक कॅमेऱ्यांत फिल्म पुढे नेली तरी लेन्समधले शटर वेगळे चढवावे लागते. ते राहिले की चित्र येत नाही.

६×१२ साठी स्वतंत्र कॅमेरा हवाच असे नाही. ४×५ इंची कॅमेऱ्याला ६×१२ रोल बॅक (मागे लागणारी रोल फिल्मची पेटी) बसते आणि लेन्स वर-खाली सरकवण्याची सोयही मिळते. सुरुवातीला हीच वाट धरावी.

मुद्रणासाठी ६×१२ ला ४×५ इंची एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारे यंत्र) पुरतो, ६×१७ ला ५×७ इंची लागतो. निकॉन कूलस्कॅन ९००० या फिल्म स्कॅनरमध्ये ६×९ पर्यंतच मावते, म्हणून ६×१७ निगेटिव्ह भागाभागांत स्कॅन करून संगणकावर जोडतात. एप्सन व्ही७०० सारख्या सपाट स्कॅनरच्या होल्डरमध्ये ती अखंड बसते, पण लांब फिल्म मध्ये झोळ देते व तेवढाच भाग धूसर येतो. परावर्तन न होणारी काच वरून ठेवली की तो झोळ जातो.