पोर्ट उघडत नाही: नकार लिनक्सचा की सँडबॉक्सचा?

उबुंटू या लिनक्सच्या लॅपटॉपला ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड जोडला, ब्राउझरमधून त्यात प्रोग्राम चढवायला गेलं आणि बोर्डाशी बोलायचं सीरियल पोर्ट उघडलं नाही, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्यांच्या यादीत) स्वतःला घाल.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची धूळ मोजणारे सेन्सर बनवणाऱ्या ऐरोली-घणसोलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी अधूनमधून मदत करतो. त्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण हीच. लिनक्सवर उपकरणाला हात लावायला दोन परवानग्या लागतात. एक माणसाला मिळते, दुसरी प्रोग्रामला. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

माणसाची परवानगी जुनी आहे. बोर्ड जोडला की ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ किंवा ‘टीटीवायएसीएम०’ नावाची फाइल उगवते. डेबियन आणि उबुंटूवर तिचा मालक रूट (मशीनचा सर्वाधिकारी), ग्रुप डायलआउट आणि मोड ६६० असतो, म्हणजे मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येतं, ग्रुपबाहेरच्यांना प्रवेश नाही. आर्चवर याच ग्रुपचं नाव ‘यूयूसीपी’. ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून परत आत यावं लागतं. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही.

प्रोग्रामची परवानगी आली स्नॅप आणि फ्लॅटपॅकबरोबर. प्रोग्राम बसवायच्या या दोन पद्धती त्याला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या मशीनपासून वेगळ्या कुंपणात, चालवतात. तिथे ‘हा माणूस कोण’ हे बघितलं जात नाही, ‘हा प्रोग्राम कोण’ हे बघितलं जातं.

घणसोलीच्या एका मुलीच्या लॅपटॉपवर दोन्ही गोष्टी एकामागोमाग दिसल्या. “सर, ग्रुपमध्ये तर आहे ना मी!” ती म्हणाली, आणि खरंच होती. ‘ग्रुप्स’ कमांड दिली तर यादीत डायलआउट होतं. क्रोमियम ब्राउझरमधून पोर्ट मात्र उघडेना. उबुंटूवर १९.१० पासून क्रोमियम स्नॅप म्हणूनच बसतो. ‘स्नॅप कनेक्शन्स क्रोमियम’ दिल्यावर ‘रॉ-यूएसबी’च्या (यूएसबी उपकरणांना थेट हात लावायच्या परवानगीच्या) ओळीत स्लॉटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती, म्हणजे जोडणीच नाही. ‘सुडो स्नॅप कनेक्ट क्रोमियम:रॉ-यूएसबी’ दिलं (‘सुडो’ म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं), क्रोमियम बंद करून पुन्हा सुरू केला आणि बोर्डात प्रोग्राम गेला. या जोडणीने ब्राउझरला यूएसबीवरची सगळीच उपकरणं खुली होतात, म्हणून काम झाल्यावर ‘स्नॅप डिस्कनेक्ट’ करायलाही मी तिला सांगितलं.

नकार कोणाचा हे ओळखायचं कसं? आधी सँडबॉक्सच्या बाहेर बघायचं. साध्या टर्मिनलमधल्या, डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या) नेहमीच्या पॅकेजमधून बसवलेल्या एखाद्या प्रोग्रामने पोर्ट उघडतं का? उघडत नसेल तर सँडबॉक्सला दोष देण्यात अर्थ नाही, ग्रुपच बघा. बाहेर उघडतं आणि आत नाही, तर प्रश्न सँडबॉक्सचा. स्नॅप आपआर्मर वापरतो, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला काय करता येईल याची नियमावली (प्रोफाइल) लिनक्सच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये, लागू करणारी यंत्रणा; त्यामुळे त्याचा नकार कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिनाइड’ म्हणून उमटतो आणि त्या ओळीत प्रोफाइलचं नावही असतं. ग्रुपच्या नकाराची लॉगमध्ये कुठेच नोंद होत नाही.

फ्लॅटपॅकचं वागणं निराळं, आणि इथेच लोक जास्त फसतात. तो आतल्या प्रोग्रामला वेगळं, छोटं ‘डेव्ह’ फोल्डर दाखवतो. परवानगी नसेल तर बोर्डाची फाइल त्यात नसतेच. मग ‘परमिशन डिनाइड’ऐवजी ‘नो सच फाइल’ येतं आणि माणूस केबल बदलत बसतो. ‘फ्लॅटपॅक इन्फो’ला ‘शो-परमिशन्स’ जोडून डिव्हाइसेसची ओळ वाचावी. तिथे नुसतं ‘डीआरआय’ असेल तर प्रोग्रामला ग्राफिक्स कार्डापलीकडे काही मिळालेलं नाही. फ्लॅटपॅकच्या ‘ओव्हरराइड’ कमांडने ‘डिव्हाइस=ऑल’ देता येतं, फ्लॅटसील हे परवानग्या बदलायचं ॲप वापरलं तर माउसनेही. पण ‘ऑल’ दिलं तरी डायलआउट लागतंच.

(फाइल बाहेरही दिसत नसेल तर हे दोन्ही प्रश्न गैरलागू. केबल फक्त चार्जिंगची असू शकते. उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम सीएच३४० चिपच्या बोर्डावर हक्क सांगतो आणि फाइल आल्या आल्या गायब होते.)

कॅमेऱ्याचं गणित उलटं आहे. मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) कॅमेऱ्याची परवानगी आपोआप देतं, ग्रुप लागत नाही. म्हणून कॅमेरा एकाच ॲपमध्ये चालत नसेल तर मी थेट सँडबॉक्सकडे बघतो आणि सीरियल पोर्ट चालत नसेल तर आधी ग्रुपकडे.

दोन चुकीचे उपाय मात्र सांगायलाच हवेत. फाइलचा मोड बदलणाऱ्या ‘सीएचमॉड ६६६’ने मशीनवरच्या कुणालाही, कुठल्याही सेवेला पोर्ट खुलं होतं, आणि बोर्ड काढून परत लावला की फाइल नव्याने तयार होऊन मोड पुन्हा ६६० वर येतो. दुसरा ‘सुडो’. त्याने ग्रुपची अट टळते, पण स्नॅपचा प्रोग्राम रूट म्हणून चालवला तरी त्याच आपआर्मर प्रोफाइलमध्ये राहतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक मशीन अनेक मुलं वापरतात, तिथे हा फरक रोज जाणवतो. डायलआउटमध्ये प्रत्येक लॉगिन वेगळं घालावं लागतं. ‘स्नॅप कनेक्ट’ एकदा केलं की त्या मशीनवर सगळ्यांसाठी लागू. फ्लॅटपॅकचा ओव्हरराइड ‘यूजर’ लिहून दिला तर फक्त त्या मुलापुरता, तसा न देता सुडोने दिला तर सगळ्यांना. नव्या बॅचच्या मुलाचं पोर्ट उघडत नसेल आणि त्याच मशीनवर जुन्या मुलाचं त्याच स्नॅपमधून उघडत असेल, तर त्या नव्या लॉगिनचा ग्रुप तपासायचा.