चुंबकीय मेंदू-उद्दीपन (मज्जातंतुजन्य वेदनांवरील)

चुंबकीय मेंदू-उद्दीपन : डोक्याला लागून तारेचे वेटोळे धरायचे, त्यातून क्षणभर तीव्र विद्युतप्रवाह सोडायचा आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूतील चेतापेशी उद्दीपित करायच्या, अशी पद्धत. पक्षाघात, मेरुरज्जूची दुखापत, नागीण इत्यादींनंतर मागे राहणाऱ्या मज्जातंतुजन्य वेदनांवर ती १९९० च्या दशकापासून अजमावली जात आहे.

या उपयोगाचे मूळ चुंबकापेक्षा शस्त्रक्रियेत शोधणे अधिक योग्य. इंग्लंडमधील शेफील्डमध्ये अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलेले उद्दीपन मुख्यतः मेंदूपासून स्नायूपर्यंतचा मार्ग तपासण्यास उपयोगी पडले. वेदनेशी त्याचा संबंध जोडला गेला तो जपानमधील मेंदू-शल्यविशारद त्सुबोकावा यांच्या कामामुळे. त्यांच्या गटाने १९९१ च्या सुमारास थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतील, संवेदना पुढे पोचवणाऱ्या भागाच्या) इजेतून होणाऱ्या वेदनेसाठी मोटर कॉर्टेक्सवर (हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या बाह्यस्तरावर) इलेक्ट्रोड बसवले. कवटी न उघडता तोच गुण येईल का, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. फ्रान्समध्ये लफोशर यांच्या गटाने २००१ पासून त्याचा पद्धतशीर पाठपुरावा केला. १ हर्ट्झ (सेकंदाला एक स्पंद) वा त्याहून कमी वारंवारतेने फारसा लाभ दिसत नाही. १० ते २० हर्ट्झने दिसतो.

इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे वेदनेच्या विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर, त्याचा दांडा मागे ठेवून धरतात. आधी स्नायूचा उंबरठा मोजतात : हाताच्या शिथिल स्नायूत दहापैकी किमान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी किमान तीव्रता. उपचार या उंबरठ्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर होतो. १० हर्ट्झने १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती, अशा ३० फेऱ्यांत ३,००० स्पंद व सुमारे १५ मिनिटे होतात.

चुका बहुधा मोजमापात व जागेत होतात. वेटोळे कवटीपासून किंचित उचलले गेले तरी परिणाम झपाट्याने घटतो. दाट केसही आड येतात. वेदनेसाठीच दिलेले कार्बामाझेपीन हे औषध उंबरठा वाढवते, म्हणून मात्रा बदलली की तो पुन्हा मोजावा. पक्षाघाताने इजा झालेल्या बाजूस प्रतिसादच मिळत नसेल, तर निरोगी बाजूचा उंबरठा घेतात. पायाचे क्षेत्र दोन गोलार्धांमधील खाचेत खोल असल्याने पायाच्या वेदनेतही अनेकदा हाताचेच क्षेत्र उद्दीपित करतात.

परिणामांबाबत एकमत नाही. फ्रान्समधील २०२१ च्या बहुकेंद्री चाचणीत (१५२ रुग्ण, २२ आठवड्यांत १५ सत्रे) मोटर कॉर्टेक्सचे उद्दीपन दिखाऊ (तुलनेसाठी दिलेल्या खोट्या) उपचारापेक्षा सरस ठरले. कपाळामागील कॉर्टेक्सचे नाही. जपानमधील २०२० च्या १४४ रुग्णांच्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही. मात्र तेथे ५ हर्ट्झचे ५०० स्पंदच दिले होते. विसंगतीचे हे कारण पटण्याजोगे आहे, निर्णायक नव्हे. युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशी अनुकूल आहेत, तर २०१८ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) साशंक. दिखाऊ उपचाराची अडचणही आहेच : खऱ्या वेटोळ्याचा टकटक आवाज व डोक्यावर जाणवणारी थाप यांची हुबेहूब नक्कल अवघड, त्यामुळे रुग्ण ओळखू शकतो.

निरोगी स्वयंसेवकांत अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यास वेदनाशामक परिणाम कमी होतो. म्हणजे शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा त्यात वाटा असावा.

डोकेदुखी होऊ शकते. आकडी क्वचितच येते. आवाजामुळे कानात बोळे घालणे आवश्यक. कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले विद्युत उपकरण) किंवा मेंदूत चुंबकाकडे ओढली जाणारी धातूची क्लिप असल्यास हा उपचार करीत नाहीत.