आबाजीचा फोटो आबाजीसारखा का वाटत नाही?

आमच्याकडे यवतमाळ-वाशिम भागातल्या खेड्यात घरचं म्हातारं माणूस गेलं की तेरवीच्या आधी एक धावपळ ठरलेली असते, फोटो शोधा. मग कपाटातल्या पिशवीतून ओळखपत्र निघतं, त्यावरचा एवढुसा फोटो तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करून आणतात, मागे निळं आभाळ टाकतात, हार घालतात, आणि घरातली लेक पाहते अन् म्हणते, "हे आबाजी नाही वाटून राहिले." चेहरा तर त्यांचाच असतो. स्टुडिओवाल्याला बोल लावून काही होत नाही, कारण ह्यामागे खरंच सायन्स आहे, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी अंतराचं पाहू. लोक म्हणतात लेन्स चेहरा बिघडवते, पण बिघडवतं ते अंतर. मोबाईल तोंडापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर नाकाचा शेंडा ३० वर आणि कान साधारण ४२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटणार! तोच माणूस दीड मीटरवर बसवा, नाक १५० वर, कान १६२ वर, फरक फक्त ८ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चेहऱ्याचं गणिती मॉडेल करून हेच दाखवलं, दीड मीटरच्या मानाने ३० सेंटीमीटरवरच्या सेल्फीत नाक बुडाशी सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आता विचार करा, सपरीत, म्हणजे ओसरीत, गप्पा मारताना आपण आबाजीपासून तीन-चार हातांवर बसतो, मनात बसलेला चेहरा त्या अंतरावरचा असतो, आणि मोबाईलवरचा फोटो मात्र फूटभरावरून काढलेला.

उजेडाचंही तसंच. भर दुपारी वावरात काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. शिवाय पांढरी टोपी अन् चुन्याची भिंत पाहून मोबाईल एकूण उजेड कमी करतो, मग सावळा चेहरा अजूनच काळा पडतो. सपरीत सावलीत बसवा, अंगणाचा उजेड बाजूने येऊ द्या, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे मोबाईल चेहऱ्याच्या हिशोबाने उजेड धरतो. ब्युटी मोड बंद, सुरकुत्या पुसल्या की आबाजी गेलेच.

पण हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते, आणि मला तीच सगळ्यात भारी वाटते. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दोन डच सेलिब्रिटींचे २०-२० फोटो मिसळून लोकांना दिले आणि सांगितलं, एकेका माणसाचे फोटो वेगळे लावा. ज्यांना ते चेहरे माहीत नव्हते त्यांनी साधारण सात-आठ ढीग केले, म्हणजे दोन माणसांची सात-आठ माणसं झाली! डच लोकांनी मात्र जवळजवळ सगळ्यांनी बरोबर दोनच केले. म्हणजे ओळखीचा चेहरा आपल्या डोक्यात एका फोटोसारखा नसतो, हसताना, रागावताना, पाणी पिताना पाहिलेलं सगळं मिळून तो बनतो, आणि एक फोटो त्यातला एकच क्षण पकडतो. त्याआधी २००८ मध्ये ह्याच गटातल्या दोघांनी एकेका माणसाच्या अनेक फोटोंची सरासरी काढून एकच चेहरा बनवला आणि चेहरा ओळखणाऱ्या कॉम्प्युटरला दिला, तर अचूकता ५४ टक्क्यांवरून थेट १०० टक्क्यांवर गेली.

म्हणून हा प्रयोग घरी जरूर करा, आणि आबाजी धडधाकट आहेत तेव्हाच करा. दीड-दोन मीटरवरून, हवं तर थोडा झूम करून, नातवाशी बोलता बोलता पंधरा-वीस फोटो काढा. "हलू नका, इकडे पहा" म्हटलं की चेहरा ताठरतोच.

निवडायला मात्र आबाजीला लावू नका. त्यांनी आयुष्यभर आपला चेहरा आरशात, म्हणजे डावं-उजवं बदललेला, उलटा पाहिलाय. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या मित्रांना सरळ. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना तर असं दिसलं की छोटा व्हिडिओ पाहिलेले अनोळखी लोकसुद्धा आपल्यापेक्षा आपला जास्त मिळताजुळता फोटो निवडतात. मग आजीला, शेजारच्या काकाला, रोज पारावर बसणाऱ्या दोस्ताला वेगवेगळं विचारा, आणि ज्या फोटोवर दोघा-तिघांचं बोट पडेल तो आत्ताच प्रिंट करून ठेवा.