सोलरची मंजुरी आली, आता योजना बदलता येते का?

गेल्या महिन्यात रहिमतपूरच्या आत्याचा सकाळी सकाळी फोन. "अरं माझं सोलर मंजूर झालंय, मेसेज आलाय, पण शेजारीण म्हणते दुसऱ्या योजनेत अडीच हजारात बसतंय, मग मी हे सोडून तिकडं जाऊ का, का मंजूर झालेलं पण जायचं हातचं?" आत्याच्या या एका प्रश्नावर मी दोन दिवस घालवले, पोर्टल बघितलं, महावितरणच्या उपविभागात जाऊन बसलो, वेंडरशी, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याशी, बोललो. सातारा, कोरेगाव, कराडकडच्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडलेला दिसतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

आधी "मंजुरी" या शब्दाचा घोळ मिटवूया, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्या पोर्टलवर अर्ज केला की जो मंजुरीचा मेसेज येतो ती अनुदानाची मंजुरी नसते. तुमच्या मीटरवर सोलर जोडायला हरकत नाही एवढंच त्यात असतं. २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज धरलाच जातो, आणि मंजूर भार (तुमच्या मीटरला ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा) कमी पडत असेल तर तोही वाढवून द्यायचा असतो. म्हणून तो मेसेज पटकन येतो आणि लोक पेढे वाटतात. पैसे मात्र पॅनल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागला, महावितरणच्या माणसानं तपासून सिस्टिम चालू झाल्याची नोंद केली, मग तुम्ही बँक खातं टाकून अनुदानाची मागणी केली, त्यानंतर खात्यावर येतात. त्या मेसेजनं तुम्हाला काही मिळालेलं नाही, त्यामुळं बदल केला तर जाण्यासारखंही काही नाही. आत्याला हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

आता दोन योजना समोरासमोर ठेवू.

पीएम सूर्यघर ही केंद्राची, १३ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झालेली. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार आणि त्याच्या वर कितीही मोठी बसवा, घरगुतीला ७८ हजारच. वेंडर तुम्ही निवडायचा, पैसे आधी तुम्ही घालायचे (किंवा बँक), अनुदान नंतर. या योजनेला सध्या मान्यता आहे ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत.

शेजारीण म्हणते ती राज्याची स्मार्ट योजना, पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. ही स्मार्ट मीटरची योजना नव्हे हां, नाव ऐकून आमच्याकडं दोघांनी फोनच ठेवला. ही दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी आहे, सिस्टिम १ किलोवॅटची, खर्च धरलाय ५० हजार. त्यात केंद्राचे ३० हजार तेच, सूर्यघरचेच, आणि वर राज्य भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्याचे १७,५००, म्हणजे घरचे फक्त २,५००. १०० युनिटच्या आतल्या सर्वसाधारण गटाला राज्याचे १० हजार आणि आपले १० हजार, अनुसूचित जाती-जमातीला राज्याचे १५ हजार आणि आपले ५ हजार. इथं वेंडर तुम्ही निवडत नाही, महावितरणनं टेंडरमधून नेमलेला येतो, आणि पाच वर्षं देखभाल त्याच्याकडं.

तेव्हा शेजारणीचं अडीच हजारांचं गणित तिच्यासाठी खरं, आत्याला लागू नाही. आत्याकडं दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, तिला १० हजार पडतील. तरी तिचं बिल बघितलं तर महिन्याला ७० युनिटच्या आसपास, एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही. १ किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं, महिन्याला १२० धरा, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी (पाटण, जावळी बाजूला तर जुलैत सूर्य दिसला तरी पुष्कळ). तिचा सूर्यघरचा अर्ज भरलेला ३ किलोवॅटचा, तेवढं तिला कशाला हवं होतं हे तो भरणाऱ्या वेंडरलाच माहीत. दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतंय म्हणून मोठी सिस्टिम गळ्यात मारायची ही नवीन पद्धत निघालीय.

मुख्य नियम असा की एका घराच्या छताला केंद्राचं अनुदान एकदाच. स्मार्टमधले ३० हजार आणि सूर्यघरचे ३० हजार हे एकाच खिशातले, दोन्हीकडून घेता येत नाहीत, आणि आधी कुठल्या सोलर रूफटॉप योजनेचा लाभ घेतलेला असेल तर स्मार्टला पात्र नाही. म्हणून बदल करायचा तर तुमची गाडी कुठल्या स्टेशनवर उभी आहे ते बघा.

फक्त मंजुरीचा मेसेज आलाय, वेंडरशी करार नाही, पैसे दिलेले नाहीत, असं असेल तर मोकळे आहात. पण जुना अर्ज तसाच लटकत ठेवून नवा करायला जाऊ नका, १२ आकडी ग्राहक क्रमांक एकच असतो आणि दोन अर्ज त्याच्यावर भिडतात. आधीचा रद्द करायचा, मग महावितरणच्या वेबसाइटवरून स्मार्टचा अर्ज. उपविभागात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, ग्राहक क्रमांक, अर्ज क्रमांक, "साहित्य बसवलेलं नाही व अनुदान घेतलेलं नाही" असं एक वाक्य. पोच घ्याच, तोंडी "होऊन जाईल" म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात बदलीवर गेलेला असतो.

करार झालाय आणि ॲडव्हान्स दिलाय, पॅनल अजून आले नाहीत, इथं डोकेदुखी सुरू होते. अनुदानाच्या दृष्टीनं अजूनही काही बिघडलेलं नाही, पण वेंडर पैसे परत देईल का हा तुमचा आणि त्याचा मामला, सरकार मधे पडत नाही. पोर्टलवर कराराचा नमुना असतो तो वाचून सही करा म्हणतात ते याच्यासाठी. पैसे परत आल्याशिवाय त्याला "माझी हरकत नाही" असं लिहून देऊ नका, आणि त्याच्याकडून मात्र काम सोडल्याचं लिहून घ्या.

पॅनल बसून मीटर लागला असेल तर विषय संपला, आहे तीच योजना. आणि जानेवारी २०२४ किंवा त्याआधी केंद्राच्या जुन्या रूफटॉप फेज-२ योजनेत (सूर्यघरच्या आधीची) अर्ज केलेले विचारतात की आम्हाला नवीन दरानं फरक मिळेल का, तर नाही, नवे दर १३ फेब्रुवारी २०२४ पासूनच्या अर्जांना.

उलटा प्रवासही होतो. कराडच्या मामेभावानं स्मार्टला नाव दिलं होतं, मग घरात एसी आला. आपला हिस्सा भरायच्या आधी त्यानं ते सोडून सूर्यघरला २ किलोवॅटचा अर्ज केला, ६० हजार अनुदानात बसतंय. हे चालतं. पण एकदा स्मार्टचं पॅनल छतावर चढलं की पहिल्या किलोवॅटचे केंद्राचे पैसे वापरले गेले, म्हणून घरात पोरांची लग्नं, भाडेकरू, पिठाची गिरणी असलं काही डोक्यात असेल तर आधीच विचार करा.

योजना तीच ठेवून नुसता वेंडर बदलायचा असेल तर ते सोपं असायला हवं, कारण अर्ज तुमच्या नावावर असतो, वेंडरच्या नाही. पण आमच्याकडं काय झालं, वेंडरच्या पोरानं आत्याच्या पडवीत बसून अर्ज भरला आणि मोबाईल नंबर टाकला स्वतःचा, "मावशी तुम्हाला ओटीपीचा त्रास नको" म्हणून. आता लॉगिन त्याच्याकडं, प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं, आणि हा बाबा फोन उचलेना. तो नंबर बदलून घेण्यातच आमचे आठ दिवस गेले. सूर्यघरची हेल्पलाइन १५५५५, महावितरणची १९१२, दोन्हीकडं तक्रार टाकली आणि आधार कार्ड, लाइट बिल घेऊन उपविभागात गेलो तेव्हा सुटलं. तेव्हा नंबर आणि ईमेल स्वतःचाच, घरात स्मार्टफोन नसेल तर पोराचा नाहीतर भाच्याचा, पण घरातलाच.

बँकेचं कर्ज मंजूर झालं असेल तर अजून एक फेरी वाढते. ३ किलोवॅटपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं, व्याज रेपो रेटबरोबर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) हलतं. पण बँकेनं मंजूर केलेलं असतं ते ठराविक वेंडरच्या ठराविक कोटेशनवर आणि पैसे थेट वेंडरला जातात. वेंडर किंवा किलोवॅट बदललं की नवीन कोटेशन देऊन मंजुरी सुधारून घ्या, आणि हे बँकेनं पैसे सोडायच्या आधी, सोडल्यावर हप्ता तुमचा चालू आणि पॅनल कुणाच्या गोडाऊनमध्ये ते देव जाणे.

किलोवॅट बदलताना एक बारीक गोष्ट. अनुदान पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यात जी कमी असेल तिच्यावर मिळतं. ३ किलोवॅटचे पॅनल आणि २ चा इन्व्हर्टर बसवला तर ६० हजारच, ७८ नाही. आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, ज्याला डीसीआर म्हणतात. "साहेब नॉन-डीसीआर घ्या, स्वस्तात पडतंय" असं ऐन वेळी कोणी म्हणालं तर तसल्या पॅनलला अनुदान शून्य आहे, हे तो सांगत नाही.

कागदपत्रं दोन्हीकडं जवळपास सारखीच. ताजं लाइट बिल (थकबाकी नको), आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, कर्ज असेल तर पॅन, घराचा पुरावा म्हणून गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा नाहीतर घरपट्टीची पावती, शहरात प्रॉपर्टी कार्ड. स्मार्टला दारिद्र्यरेषेचा किंवा जातीचा दाखला, जो गट सांगाल त्याप्रमाणे. स्लॅब सामाईक असेल, म्हणजे आपल्याकडं चार भावांचं एक घर आणि मीटर वेगवेगळे असतात तसं, तर बाकीच्या भावांची लेखी संमती. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते, म्हणजे ती संमती नुसती कागदावरची नाही, भावजयीचे पापड कुठं वाळणार हेही ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. लाइट बिल आजोबांच्या नाहीतर वारलेल्या वडलांच्या नावावर, आणि बँक खातं मुलाचं. आत्याचंही बिल मामांच्याच नावावर होतं, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मंजुरी आलीये म्हणजे नाव चालतंय असं समजू नका, पोर्टल ग्राहक क्रमांकावरचं नाव उचलतं आणि भांडण शेवटी अनुदान मागताना होतं. योजना बदलायचीच आहे तर त्या निमित्तानं आधी महावितरणकडं नाव बदलून घ्या, मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, बाकी वारसांची संमती एवढं लागतं, आणि नवीन नावाचं एक बिल हातात आलं की मग नवीन अर्ज.

शेतातल्या मोटरीचं कोणी यात मिसळत असेल तर ते वेगळं. मागेल त्याला सौर कृषी पंप ही पंपाची योजना, तिथं शेतकरी हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. घरच्या छताची मंजुरी तिकडं वळवता येत नाही, तिकडचीही इकडं नाही.

आत्याच्या लाइट बिलावरचं नाव आता बदललंय, जुना अर्ज रद्द झालाय, स्मार्टचा भरलाय. या वेळी मोबाईल नंबर माझा आहे, आणि ओटीपी आला की ती आधी विचारते, "तुझ्याच फोनवर आलाय ना?"