अभिषेकीबुवांनी पद आखूड केलं, त्याची गोष्ट

आमच्या गावात जत्रेला संगीत नाटक ठरलं, की तालमीच्या पहिल्याच रात्री वाद पेटतो: पदं किती कापायची? जुनं नाटक जसंच्या तसं केलं तर उजाडतं. 'मत्स्यगंधा' घेतलं की हा वाद होत नाही. कापाकापी जितेंद्र अभिषेकींनी चाली बांधतानाच उरकलेली असते.

बुवा १९२९ साली गोव्यातल्या मंगेशीत जन्मले. वडील बाळूबुवा देवळातले पुजारी आणि कीर्तनकार. दीनानाथ मंगेशकरांचे वडीलही याच देवळात अभिषेक करायचे, म्हणजे नाट्यसंगीत अगदी शेजारघरचं. पुढे गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या गुरूंची तालीम मिळाली. मधल्या काळात मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात नोकरी. थोडक्या वेळात रंग भरायची सवय, मला वाटतं, तिथलीच. रेडिओवर घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

तोवर बोलपटाने संगीत नाटकाचं कंबरडं मोडलं होतं. त्याला पुन्हा उभं केलं ते एकट्या अभिषेकींनी, असं आम्ही गोंयकार अभिमानाने सांगतो, पण ते खरं नाही. १९६० मध्येच वसंत देसाईंच्या संगीतासह 'पंडितराज जगन्नाथ' आलं होतं. बुवांचा वाटा वेगळा. १९६४ ला गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आणलं, त्यात रामदास कामत आणि आशालता गायल्या-वावरल्या. पद आखूड झालं, तानांची आतषबाजी गेली, राग मात्र पातळ झाला नाही. 'ययाति आणि देवयानी'त 'हे सुरांनो चंद्र व्हा'साठी तर त्यांनी कर्नाटकी वळणाचा चारुकेशी राग काढला.

मग १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात भांडण पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांच्या घराण्यांचं, तेव्हा ते चालींतूनच ऐकू यायला हवं. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद: पंडितजींच्या तोंडी सलगवराळी रागात, संथ, शब्द कुरवाळत, खाँसाहेबांकडे धानी रागात, लयीशी झटापट करत. खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे.

आमच्या तालमीत नवखी पोरं आधी धानीच मागतात. टाळ्या तिथे पडतात ना! पेटीवाले काका मात्र त्यांना आधी सलगवराळीला बसवतात, आणि दुसऱ्या ओळीलाच सूर सुटतो.