घरोट्याचा खुंटा आणि दुर्बिणीची बैठक

छोटी परावर्तक दुर्बीण घेणाऱ्याचा हिरमोड आरशापेक्षा तिवईच जास्त करते. माझ्या ११४ मिमी दुर्बिणीबरोबर आलेली तिवई इतकी किरकोळ होती, की फोकसच्या चाकाला बोट लागलं तरी शनी थरथरायचा, आणि थरथर थांबेपर्यंत तो नजरेबाहेर गेलेला असायचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. शंभरपट वर्धनाला साधारण अर्धा अंश आकाश दिसतं, म्हणजे ग्रह दोनेक मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला जातो. बैठकीचा, म्हणजे दुर्बीण ज्यावर टेकते आणि वळते त्या आधाराचा, सगळा इतिहास या दोन मिनिटांभोवती फिरतो.

न्यूटनने १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण बनवली. पुढे रॉयल सोसायटीला दिलेली त्याची दुर्बीण वीतभर लांबीची होती आणि एका गोळ्यावर टेकलेली होती. गोळा फिरवला की नळी हवी तिकडे वळायची. विल्यम हर्शेलने १७८१ साली युरेनस शोधला, तोही लाकडी चौकटीवरच्या दुर्बिणीतून. वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे, एवढ्या दोनच हालचाली.

मग विषुववृत्तीय बैठक आली आणि ही साधी वाट मागे पडली. फ्राउनहोफर या जर्मन भिंगकाराने १८२४ साली डोरपाटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला होता आणि घड्याळाच्या यंत्राने ती ताऱ्यामागे आपोआप फिरायची. छायाचित्रणासाठी याला तोड नाही. ही कल्पना खानदेशाला परकी वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद आहे. मठाला दान मिळालं ते १२०७ साली. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्राध्याय आहे आणि त्यात नाडीवलय येतं : विषुववृत्ताच्या पातळीत बसवलेलं चक्र. दुर्बीण जन्मायच्या चारशे वर्षं आधी आकाशाच्या फिरण्याशी यंत्राचा कल जुळवायचा विचार इथे शिकण्याचा विषय होता. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

मात्र विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष जिथल्या तिथल्या अक्षांशाइतका उचलावा लागतो. जळगाव-धुळ्याला तो २१ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे अक्ष बराच आडवा पडतो. युरोपात ५० अंशांवर सुटसुटीत वाटणारी रचना आपल्याकडे अवघडते. तोलाचं वजन तिवईच्या पायाला अडतं. ध्रुवतारा सातपुड्याच्या अंगाला, खालच्या धुरकट हवेत शोधावा लागतो, तो त्रास वेगळाच.

तरी हौशी लोकांनी शतकभर वेधशाळांचंच अनुकरण केलं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावात रसेल पोर्टरने १९२० साली कारखान्यातल्या कामगारांना आरसे घासायला शिकवलं आणि घरच्या घरी दुर्बीण करण्याची लाट आली. बैठका मात्र नळकामाच्या लोखंडी पाइपांच्या, जड, आणि बहुतेक विषुववृत्तीयच.

कोंडी फोडली जॉन डॉब्सनने. १९४४ साली तो सॅनफ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला. गाठीला पैसा नव्हता. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवुड यांतून तो दुर्बिणी करायचा आणि रस्त्याने जाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा. १९६७ साली मठ सुटला, काम सुटलं नाही. त्याला फोटो काढायचे नव्हते, म्हणून त्याला घड्याळही नको होतं आणि कललेला अक्षही. त्याने नळीला तोफेसारखे दोन कान दिले, ते पेटीच्या खाचेत ठेवले आणि पेटी एका खिळ्याभोवती फिरती केली. पेटंट घेतलं नाही. गंमत म्हणजे या रचनेतलं काहीच नवीन नव्हतं. तोफा शेकडो वर्षं तशाच कानांवर टेकलेल्या होत्या, आणि खालची फिरकी म्हणजे तर आपला घरोटा, दळायचं जातं : खालची तळी स्थिर, मधे खुंटा, वरची तळी फिरती.

मी प्लाय कापून घ्यायला गेलो तेव्हा सुताराने चित्र पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे तं घरोट्यासारखंच झालं.” त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

खरी किमया घर्षणात आहे. टेफ्लॉन फॉर्मायकावर घासलं की सुटतानाचा जोर आणि सरकतानाचा जोर जवळजवळ सारखा लागतो, म्हणून दुर्बीण झटका न देता सरकते आणि सोडली तिथे थांबते. आपल्याकडे फॉर्मायकाच्या जागी सनमायका चालतो. गुळगुळीत नको, खरखरीत घ्यावा. किचनच्या कामातून उरलेला तुकडा सुताराने तसाच दिला. टेफ्लॉनच्या चकत्या तीनच ठेवाव्यात, कारण तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत. कानांसाठी पीव्हीसी पाइपाच्या टोप्या पुरल्या.

आखूड नळीला मात्र डॉब्सनची पेटी जशीच्या तशी बसत नाही. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं) जेमतेम ४५० मिमी, तेव्हा बैठक गुडघ्याच्याही खाली राहते आणि टेबल लागतंच. शिवाय नळी हलकी असल्यामुळे जड नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की तोंड खाली झुकतं. मोठ्या दुर्बिणीत हा फरक नळीच्या वजनात जिरतो, इथे जिरत नाही. मी मागच्या बाजूला जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवतो आणि नेत्रिका बदलली की ते सरकवतो.

पहिल्या पावसाळ्यात माझी एक चूक झाली. प्लायच्या कापलेल्या कडांना व्हार्निश लावायचं राहिलं होतं. तळ फुगला, खिळ्याजवळ उंचवटा आला आणि फिरकी अडखळू लागली. दसऱ्यानंतर तळ नवा कापला, कडांना आधी फेविकॉल चोळला, वर व्हार्निशचे दोन हात दिले. सनमायका मात्र जुनाच उचकटून पुन्हा चिकटवला.