बेचिराख गावांचे पुरावशेष, बेळगाव सीमाभागातील

मध्ययुगात नांदत्या असलेल्या आणि पुढे दुष्काळ, लढाया, रोगराई किंवा पाण्याची टंचाई यांमुळे कायमच्या उठलेल्या गावांचे जमिनीवर व जमिनीखाली उरलेले अवशेष. महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख मौजे’ म्हणतात. गावात एकही घर उरलेले नसले, तरी मौजाचे नाव, त्याची शीव आणि सर्व्हे नंबर कायम राहतात. जमीन शेजारच्या गावचे शेतकरी कसतात, आणि जनगणनेच्या ग्रामयादीत ते गाव निर्जन म्हणून नोंदले जाते. गाव उठले तरी कागदावर ते जिवंत राहते, ही या भागातल्या पुरातत्त्वाची मोठी सोय आहे. तिचा उपयोग मात्र फारच थोडा झाला आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत या प्रदेशाचा मोठा भाग सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याच्या ‘कूंडी तीन हजार’ आणि गोव्याच्या कदंबांच्या ‘पलसिगे बारा हजार’ या विभागांत मोडत होता. हलशी म्हणजेच प्राचीन पलसिका. रट्टांनी पुढे वेणुग्राम, म्हणजे बेळगाव, येथे राजधानी हलवली. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, देगावचे कमलनारायण मंदिर आणि रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचण याने १२०४ च्या सुमारास बेळगावच्या किल्ल्यात उभारलेली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) ही त्या काळाची ठळक स्मारके होत. ही देवळे आणि बस्त्या ज्या उत्पन्नावर चालत, ते गावागावांतून येई. दानलेखांत शेते, मळे, तेलाचे घाणे आणि बाजारपेठेवरील कर देवाला लावून दिल्याचे उल्लेख येतात, आणि दिलेल्या जमिनीच्या सीमा तळी, ओढे, वारुळे, झाडे व रोवलेले दगड यांच्या खुणांनी सांगितलेल्या असतात. इंग्रज शिलालेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यातील अनेक लेख वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वच ग्रामनामे आज जमिनीवर ओळखता येत नाहीत. काही नावे बदलली, काही गावे मोठ्या गावांत मिसळली, आणि काही उठली. यांपैकी काय घडले, हे प्रत्येक नावाबाबत स्वतंत्रपणे तपासावे लागते.

गाव उठण्याचे एकच कारण सांगणे बहुधा चुकीचे ठरते. दख्खनच्या परंपरेत १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ, दामाजीपंतांच्या नावाशी जोडलेला १४६० च्या सुमाराचा दुष्काळ आणि १६३०–३२ चा भीषण दुष्काळ यांची आठवण टिकून आहे. सीमेवरचा मुलूख असल्याने लढायांचाही ताण मोठा होता. बहमनी वजीर महमूद गावानने १४७२–७३ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला. पुढे विजापूर व विजयनगर यांच्या फौजा, अठराव्या शतकात मराठे व म्हैसूरकर, आणि शेवटी चिकोडी-मनोळीसाठी चाललेले करवीर व निपाणीकर यांचे संघर्ष या भूमीवरून गेले. तरीही एका दुष्काळाने किंवा एका स्वारीने गाव सहसा संपत नाही. पाऊस झाला की माणसे परत येतात. पाण्याचा साठा फुटणे, व्यापारी वाट बदलणे, जुलमी वसुली, खानापूरच्या रानपट्ट्यातला हिवताप आणि शेजारी अधिक सुरक्षित अशा कोटाच्या गावाची ओढ, अशा गोष्टी त्यात मिळाल्या, म्हणजे परतणाऱ्यांची संख्या दर पिढीला घटत जाते. तोंडी परंपरेत मात्र गाव ‘एका रात्रीत’ उठलेले असते. अशी कथा गावाचे स्थान शोधायला उपयोगी पडते. तिच्यावरून काळ ठरवू नये.

अवशेषांत सर्वांत महत्त्वाची ती पांढर. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पडून, त्यांवर राख, शेण आणि केरकचरा साचून गावठाणाची माती करडी-पांढुरकी व भुसभुशीत होते, आणि भोवतालच्या काळ्या रानात ती दुरूनही वेगळी दिसते. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती या कोरड्या पूर्व भागात धाब्याची मातीची घरे असल्यामुळे अशी टेकाडे उंच वाढतात. पश्चिमेस, खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या पावसाळी पट्ट्यात, चित्र अगदी निराळे आहे. तेथे घर जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंतींचे, वर गवताचे छप्पर. गाव उठले की काही पावसाळ्यांत भिंती विरघळतात आणि रान चढते. मागे उरतात ते जोत्यांचे दगड, एखादी पायवाट, आणि जंगलात वावगी वाटणारी चिंच किंवा आंब्याची रांग. म्हणूनच पश्चिमेकडे टेकाड नाही, एवढ्यावरून वस्ती नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. पूर्वेकडील पाहणीची पद्धत तशीच्या तशी तिकडे लावली, तर निम्मी गावे नजरेतून सुटतील.

पांढरीवर नांगरट झाली की खापरे, जात्याच्या तळ्या, पाटे-वरवंटे, उखळीचे दगड, लोखंड गाळल्याची मळी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि क्वचित तांब्याची नाणी वर येतात. साध्या काळ्या-तांबड्या खापरांवरून शतक ठरवणे अवघड असते. बांगड्या आणि नाणी त्या मानाने बोलक्या ठरतात. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डेक्कन कॉलेजने १९४५–४६ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहन थरांच्या वर बहमनीकालीन वस्ती आणि रंगीत काचेच्या बांगड्या मिळाल्या होत्या. सीमाभागातील सापडींची तुलना करण्यासाठी ते स्थळ सर्वांत जवळचे आहे. खुद्द बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथील उत्खननाने सातवाहनकालीन नगर उजेडात आणले. मध्ययुगीन खेड्याच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही.

पांढरीभोवतीचे दगड हा दुसरा मोठा पुरावा होय. वीरगळाच्या, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेच्या, खालच्या चौकटीत गुरे सोडवताना किंवा लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी रचना असते. सतीशिळेवर बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. जैन वस्ती मोठी असलेल्या या भागात सल्लेखनेने, म्हणजे आमरण उपवासाने, देह ठेवलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निषिधीही मिळतात. मात्र दगड हलवता येतो, हे विसरू नये. उठलेल्या गावचे लोक जेथे गेले, तेथे वीरगळही घेऊन गेल्याची शक्यता असते, आणि मारुतीच्या देवळाच्या पारावर आज ओळीने मांडलेले दगड अनेक शिवारांतून गोळा झालेले असू शकतात.

देव मात्र बहुधा जागचा हलत नाही. घरे गेली तरी कलमेश्वर, रवळनाथ, ब्रह्मलिंग किंवा गावदेवी जुन्या जागीच राहते, आणि नव्या गावचे लोक वर्षातून एकदा तेथे जाऊन गाऱ्हाणे घालतात, नैवेद्य दाखवतात. या एका प्रथेमुळे गावचा चव्हाटा, वेस आणि शिवेचा दगड कोठे होता, हे वृद्ध माणसे बोट दाखवून सांगू शकतात. देवाचा मान कोणत्या घराण्याकडे आहे, याची चौकशी केल्यास उठलेल्या वस्तीतील कुटुंबे कोणत्या गावांत पांगली, तेही कळते. देवळाच्या जवळपास बांधीव विहीर किंवा गाळाने भरलेले तळे असतेच असे नाही, पण असल्यास त्याचा बांध, सांडवा आणि खालची भातखाचरे मिळून त्या गावाचे पाण्याचे गणित मांडता येते.

इंग्लंडमध्ये या प्रकारच्या स्थळांचा अभ्यास फार पुढे गेला आहे. यॉर्कशायरमधील वॉरम पर्सी या उठलेल्या गावी मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० या काळात दर उन्हाळ्यात उत्खनन केले. ते गाव महामारीच्या एका तडाख्याने संपले नव्हते. हळूहळू ओहोटी लागून, शेवटी मेंढ्यांच्या कुरणांसाठी उरलेली कुटुंबे हटवली गेली, असे तेथे दिसून आले. सीमाभागात इतके दीर्घ उत्खनन लगेच होणे कठीण आहे, पण कागद आणि शिवार एकत्र वाचण्याची त्यांची रीत येथे सहज लागू पडते. बेचिराख मौजांची यादी, एकोणिसाव्या शतकातील मोजणीचे नकाशे आणि पेशवे दप्तर व कोल्हापूर येथील मोडी कागद यांतून आधी नावे काढावीत, आणि मग सर्व्हे नंबर हाती घेऊन पायी पाहणी करावी. मोडी, मराठी आणि जुने कन्नड या तिन्ही वाचणारी माणसे एकत्र आल्याशिवाय हे काम पुरे होणार नाही, कारण सीमाभागातील एकाच गावचा शिलालेख कन्नडात आणि दप्तर मोडीत असू शकते.

या अवशेषांचा नाश मुख्यतः मातीमुळेच होतो. पांढरीची खारवट माती पिकाला खत म्हणून आणि धाब्यावर घालण्यासाठी पूर्वीपासून खणून नेली जाते. जुन्या टेकाडांच्या मातीतून सोराही काढला जाई. बैलगाडीने होणारी ही ने-आण हळू होती. आता उसासाठी जमीन सपाट करताना यंत्राने अख्खे टेकाड थोड्या दिवसांत नाहीसे होते, आणि गुप्तधनाच्या आशेने देवळांचे गाभारे व वीरगळांची मुळे उकरली जातात. जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती सरकारला देणे १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण मिळते आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते. कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९६१ चा आहे. हे संरक्षण स्थळ अधिसूचित झाल्यावरच लागू होते, आणि अधिसूचना प्रामुख्याने मंदिरे, बस्त्या व किल्ले यांच्या होतात. खासगी सातबाऱ्यातील, ज्याला कर्नाटकात पहाणी किंवा उतारा म्हणतात, नुसत्या मातीच्या टेकाडाला तो आधार सहसा मिळत नाही. त्यामुळे नांगरणीनंतरच्या पहिल्या पावसात, खापरे धुऊन उघडी पडलेली असताना, टेकाडाची लांबी-रुंदी, सर्व्हे नंबर, दगडांच्या जागा आणि लेखांचे ठसे एवढे तरी नोंदवून ठेवणे हे सध्या या क्षेत्रातील सर्वांत निकडीचे काम आहे.